महापालिकेचं वीजबिल कोण वाचतं?

नागपूर महापालिकेचं विजेचं बिल भरतं कोण, हे मी विचारत नाही. ते आपणच भरतो, घर टॅक्समधून आणि पाणीपट्टीतून. मी विचारते आहे ते एवढंच, की ते वाचतं कोण?

भरणं आणि वाचणं ही दोन वेगळी कामं आहेत. आमचे एक मामू मोहल्ल्याच्या मशिदीच्या कमिटीत खजांची होते. बिल आलं की चष्मा लावून आधी मागच्या महिन्याचं बिल शेजारी ठेवायचे. युनिट वाढले का? का वाढले? रमजान होता, तरावीहसाठी रात्री उशिरापर्यंत पंखे चालले, ठीक आहे. पण रमजान संपून दोन महिने झाले तरी आकडा उतरला नाही, तर मग ते वजूखान्याच्या मोटरीकडे जाऊन उभे राहायचे. टाकीचा व्हॉल्व्ह गळतो का बघायचे. कारण पैसा चंद्याचा होता. दहा-दहा रुपये टाकणाऱ्यांना जुम्याला हिशेब द्यावा लागायचा. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, हा शब्द आमच्याकडे लहानपणापासून कानावर पडतो, पण मामूंच्या बाबतीत धर्माइतकाच त्या हिशेबाचा धाक होता, असं मला वाटतं.

आता महापालिकेचा पसारा बघा. पाणी उपसणारे पंप, सांडपाणी शुद्ध करणारे प्रकल्प, रस्त्यावरचे दिवे, दहा झोनची कार्यालयं, दवाखाने, शाळा, बागा, सभागृहं, स्मशानघाट. प्रत्येकाचा मीटर वेगळा, प्रत्येकाचं बिल वेगळं. बहुतेक महापालिकांत ही बिलं हिशेब खात्याकडे जातात आणि मुदतीत भरली जातात, म्हणजे दंड लागू नये एवढी काळजी घेतली जाते. खर्चही अर्थसंकल्पात विखुरलेला असतो. पंपांचा पाण्यात, दिव्यांचा विद्युत विभागात, शाळांचा शिक्षणात. त्यामुळे शहर एकूण किती वीज खातं आणि त्यातली किती वाया जाते, हा प्रश्न कोणाच्याच टेबलावर पूर्ण येत नाही. ऊर्जा व्यवस्थापन हा शब्द मोठा आहे, पण त्याची सुरुवात या टेबलापासून होते.

हे मी नागपूरबद्दल लिहिते आहे, कारण आपल्या शहराला या विषयात नवखं म्हणता येत नाही. २००८ मध्ये केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने सोलर सिटीची योजना आणली, तेव्हा मंत्री आपल्याच शहराचे खासदार विलास मुत्तेमवार होते. नागपूर मॉडेल सोलर सिटी ठरलं. पाच वर्षांत पारंपरिक विजेच्या अंदाजित मागणीत किमान १० टक्के कपात करायची, काही सौरऊर्जेने आणि काही बचतीने, असं त्या योजनेचं ध्येय होतं. आराखडा करायला पैसे होते. माझ्या मते त्या योजनेतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वेगळीच होती. महापालिकेत एक ‘सोलर सिटी सेल’ उभारायला आणि तो काही वर्षं चालवायला तीत स्वतंत्र रक्कम होती. म्हणजे हे काम एका आराखड्याने होत नाही, त्यासाठी रोज ऑफिसात बसणारी माणसं लागतात, हे दिल्लीत कोणाला तरी कळलं होतं.

लोकांच्या लक्षात मात्र पॅनल राहिले. सौर म्हटलं की छतावरच्या निळ्या पाट्या दिसतात. सेल दिसत नाही. त्याचा फोटो काय काढणार?

नंतरही चांगली कामं झाली, ती मी नाकारत नाही. अनिल सोले महापौर असताना पौर्णिमा दिवस सुरू झाला. पौर्णिमेच्या रात्री ८ ते ९ अनावश्यक दिवे बंद ठेवायचे. ग्रीन व्हिजिलचे तरुण चौकाचौकात उभे राहून दुकानदारांना विनंती करायचे. आम्ही महिने चांदावरच मोजणारे लोक, त्यामुळे चौदावीच्या चांदाचं हे कौतुक मला मनापासून आवडलं. पुढे रस्त्यावरचे पिवळे सोडियम दिवे जाऊन पांढरे एलईडी आले. दीडशे वॉटच्या सोडियम दिव्याला चोक धरून साधारण १७० वॉट लागतात. त्या जागी ७० वॉटचा एलईडी लावला तर रात्रीच्या ११ तासांत एक युनिटहून जास्त वाचतं, वर्षाला एका खांबामागे ४०० युनिट. ही खरी बचत आहे.

आणि इथेच वाचणाऱ्या माणसाची गरज लागते. सकाळी आठला धरमपेठच्या बाजारातून जाताना खांबावर दिवा जळताना दिसला, तर तुम्ही काय करता? बहुधा काहीच नाही. हिशेब करून पाहू. सत्तर वॉटचा दिवा रोज दोन तास उगाच जळला तर वर्षाला ५१ युनिट. असे दहा हजार दिवे असतील तर पाच लाखांवर युनिट. युनिटला ७ रुपये धरले तरी पस्तीस लाखांच्या वर. दिवा एलईडीच आहे, बचतीचाच आहे, पण टायमर बिघडलाय आणि बिघडल्याचं बिलात दिसतंय, फक्त बिल कोणी पाहत नाही. वीज कमी खाणारं यंत्र लावणं एका निविदेत होतं. ते कमी खातंय की नाही हे दर महिन्याला पाहणं निविदेत बसत नाही.

दिव्यांपेक्षा मोठा विषय पाण्याचा आहे. दिवे डोळ्यांना दिसतात म्हणून आपण त्यांच्यावरच बोलतो. नागपूरचं पाणी पेंच धरणातून आणि कन्हान नदीतून येतं, रोज साठ कोटी लिटरहून जास्त. हजार लिटर पाणी पन्नास मीटर उंच चढवायला साधारण पंपाला पाव युनिट वीज लागते. म्हणजे सगळं पाणी एकदा जरी तेवढं उचललं तरी रोजची दीड लाख युनिट झाली. हा माझा पाटीवरचा ढोबळ हिशेब आहे. प्रत्यक्षात कुठे जास्त उचलावं लागतं, कुठे उतारानेच येतं. पण त्यातून दोन गोष्टी कळतात. जुन्या पंपाची कार्यक्षमता ५० टक्क्यांवर आली असेल आणि नव्याची ७५ असेल, तर तेवढ्याच पाण्याला एक तृतीयांश वीज कमी लागते. आणि शंभरातले पंचवीस लिटर पाणी वाटेत गळालं, तर गळतं ते फक्त पाणी नव्हे. ते उपसायला, शुद्ध करायला, टाकीत चढवायला लागलेली वीजही त्याच खड्ड्यात गेली. पाण्याचं मीटर आणि विजेचं मीटर एकाच वहीत शेजारी शेजारी लिहायला हवं, ते यासाठी.

नागपूरच्या बाबतीत हे वर्तुळ इतकं पूर्ण आहे की मी ते वर्गात फळ्यावर काढून दाखवते. कोराडीला कोळसा जळतो, त्यातून वीज होते. त्या विजेवर पंप चालतात. पंपांनी आलेलं पाणी आपण वापरतो, ते सांडपाणी होऊन भांडेवाडीला जातं. तिथे शुद्ध झालेलं पाणी, दिवसाला १३ कोटी लिटर क्षमतेच्या प्रकल्पातून, पुन्हा कोराडीच्या वीज केंद्राला दिलं जातं. पिण्याचं पाणी वाचावं म्हणून महानिर्मिती आणि महापालिका यांनी केलेला हा करार देशभर नावाजला गेला, आणि ते योग्यच होतं. पण वर्तुळाची दुसरी बाजूही फळ्यावर काढावी लागते. जळालेल्या कोळशाची राख उरते. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि ती राख गावात, शेतात, नाल्यांत शिरली. धरमपेठेत आठ वाजता जळणाऱ्या दिव्याची थोडी राख तिथे होती, असं म्हटलं तर अतिशयोक्ती वाटेल. पण त्या विजेला दुसरं कुठलं आकाश नाही.

पाण्याच्या निमित्ताने धरमपेठबद्दलही बोलायला हवं. चोवीस तास पाण्याचा प्रयोग शहरात पहिल्यांदा झाला तो धरमपेठ झोनमध्ये. त्यानंतर मार्च २०१२ पासून सगळ्या शहराचा पाणीपुरवठा पंचवीस वर्षांच्या करारावर खासगी कंपनीकडे गेला. त्या कराराची बरीवाईट चर्चा खूप झाली आहे, तिच्यात मी शिरत नाही. मला त्यातला एकच धडा घ्यायचा आहे. जिथे पंप एकाने चालवायचा आणि वीजबिल दुसऱ्याने भरायचं अशी मांडणी असते, तिथे वीज वाचवण्यात कोणालाच रस उरत नाही. हे फक्त कंपनीला लागू आहे असं समजू नका. सरकारी शाळेलाही लागू आहे.

हे मला माझ्या वर्गात कळलं. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठीत निबंध किती चांगला लिहिता येतो यापेक्षा वीजबिल वाचता येतं का, याकडे माझं जास्त लक्ष असतं. घरातलं बोलणं हिंदी-उर्दू, महावितरणचं बिल मराठीत. मग बिल आलं की आठवीतल्या पोरीला हाक पडते. त्यामुळे स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क, मंजूर भार हे शब्द आम्ही धड्यातल्या शब्दार्थांसारखे शिकतो. मुलं घरून बिलं आणतात, मागील रीडिंग चालू रीडिंगमधून वजा करतात. कोणाच्या घरी तीन महिने एकच सरासरी आकडा लागलेला असतो, तो पकडला जातो. कूलर सुरू झाल्याचा महिना आलेखात उंटाच्या कुबडासारखा वर येतो. नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ वर गेला होता, तेव्हा कुबड असणारच.

एकदा एका मुलीने विचारलं, "टीचर, अपने स्कूल का बिल कौन पढ़ता?"

चौकशी केली तर कळलं की शाळेचं बिल शाळेत येतच नाही. ते परस्पर वरच्या कार्यालयात जातं. हेडमास्तरांना त्यातला आकडा माहीत नाही, चपराशाला नाही, मलाही नाही. टाकी भरून वाहिली, रिकाम्या वर्गात पंखे फिरले, तरी शाळेला काही तोटा नाही. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून एक चतुर्थांश वीज वाचवली, तरी शाळेला काही फायदाही नाही. बचत कुठल्या तरी शीर्षात विरघळून जाईल आणि पुढच्या वर्षी तेवढी तरतूद कमी होईल. मग कोण कशाला मरेल, सांगा? आम्हा शिक्षकांना मुलांपुढे ‘वीज वाचवा’चे फलक रंगवायला सांगतात. १४ डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन, त्याला निबंध स्पर्धा. निबंधाचं बक्षीस मिळतं, बिल मात्र मिळत नाही.

या गाठीवर जर्मनीतल्या एका शहराने उपाय काढला, तो सांगण्यासारखा आहे. श्टुटगार्ट हे मुंबईचं भगिनी-शहर. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकल्यावर तिथल्या नगरपालिकेने आपल्या इमारतींच्या ऊर्जेचा हिशेब ठेवणारा विभाग काढला. १९९५ पासून त्यांनी एक घरगुती उधारीची पद्धत सुरू केली. पर्यावरण विभागाकडे एक निधी. एखाद्या शाळेला किंवा रुग्णालयाला नवे दिवे, नवा पंप, नवी यंत्रणा हवी असेल तर हा विभाग पैसे देतो. बिल जेवढं कमी होईल तेवढी रक्कम ती शाळा दरवर्षी निधीत परत भरते. पैसे फिटले की बचत शाळेची. परत आलेल्या पैशातून पुढच्या इमारतीचं काम. बँक नाही, बाहेरचा ठेकेदार नाही, व्याज नाही. आमच्याकडच्या लोकांना बिनव्याजी म्हटलं की लगेच समजतं: कर्ज-ए-हसना, फक्त एका खात्याने दुसऱ्या खात्याला दिलेलं. त्यात एकच अट आहे. आधीचं बिल आणि नंतरचं बिल कोणीतरी मोजलेलं असायला हवं. मोजमाप नसेल तर उधारी फिटली कशी म्हणणार? आणि हे परकं उदाहरण आहे असं म्हणू नये. त्याच राज्यातलं कार्ल्सरूह हे शहर युरोपीय संघाच्या कार्यक्रमात नागपूरचं जोडीदार होतं. आपले अधिकारी तिकडे, त्यांचे इकडे येऊन गेले आहेत.

यावर नेहमीचं उत्तर येतं, की सगळ्या इमारतींवर सौर पॅनल बसवून टाका, बिलच शून्य होईल. मला पॅनल हवेच आहेत. पण गळक्या माठाखाली मोठी घागर ठेवण्यातला हा प्रकार आहे. आधी वापर कमी केला तर लहान पॅनल पुरतं, पैसे वाचतात. पॅनलवर धूळ बसली, इन्व्हर्टर बंद पडला, हेही बिलातच कळतं. म्हणजे फिरून पुन्हा बिल वाचणाऱ्या माणसाकडेच यावं लागतं.

दुसरं उत्तर, की माणसं कुठून आणायची? देशात २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा आहे, त्याखाली ऊर्जा व्यवस्थापक आणि ऊर्जा लेखापरीक्षक यांची परीक्षा होते. मोठ्या कारखान्यांना असा माणूस नेमणं सक्तीचं आहे. सिमेंटच्या भट्टीला जे लागतं ते पंचवीस लाखांच्या शहराला लागत नाही, हे मला पटत नाही. आणि नागपुरात तर राष्ट्रीय वीज प्रशिक्षण संस्थेचं केंद्र गोपाल नगरात आहे, व्हीएनआयटी आहे, नीरीचं मुख्यालय आहे. पोट्टे शिकून पुण्याला चालले आहेत.

त्या माणसाला पहिल्या वर्षी यंत्र विकत घ्यायलाच लावू नका, असं मी म्हणेन. आधी सगळ्या जोडण्यांची यादी करू द्या. बंद पडलेल्या इमारतीचा मीटर अजून चालू आहे का? शाळेची जोडणी सार्वजनिक सेवेच्या दरात आहे की चुकून व्यापारी दरात? मंजूर भार पन्नास किलोवॉटचा आणि प्रत्यक्ष वापर वीसचा, मग स्थिर आकार कशासाठी जास्त भरतो? उच्चदाबाच्या जोडण्यांना एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात केव्हीएएच पद्धतीने बिल येतं, म्हणजे पंपघरातले कपॅसिटर खराब असतील तर पाणी तेवढंच आणि बिल जास्त. ज्या तासांत दर कमी असतात, त्या तासांत टाक्या भरता येतात का? यातल्या बहुतेक गोष्टींना एक रुपयाचं यंत्र लागत नाही. बसून वाचायला लागतं.

२०२४ मध्ये प्रीपेड स्मार्ट मीटरवरून राज्यात गदारोळ झाला. घरगुती ग्राहकांची भीती मला समजते, हातावर पोट असलेल्या घरात आगाऊ पैसे कुठून आणायचे. पण महापालिकेच्या पंपघरांवर तासातासाचा वापर दाखवणारा मीटर बसला तर त्यात कोणाचं नुकसान आहे?

आणि हा हिशेब लोकांपुढे यायला नवा कायदा लागत नाही. महापालिका अधिनियमाच्या कलम ६७-अ प्रमाणे आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैच्या आत शहराचा पर्यावरण स्थिती अहवाल महापालिकेपुढे ठेवायचा असतो. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेल्या माझी वसुंधरा अभियानात पंचमहाभूतांवर गुण मिळतात, त्यात अग्नी म्हणजे ऊर्जा. गुण मिळवण्यासाठी आकडे गोळा करावेच लागतात. तेच आकडे या अहवालात एका पानावर छापावेत: झोन, जोडण्या, युनिट, रुपये, मागच्या वर्षापेक्षा कमी की जास्त. शाळांची यादी वेगळी, आणि प्रत्येक शाळेचं बिल त्या शाळेच्या फलकावर. वाचलेल्या रकमेतला निम्मा भाग त्याच शाळेला, वाचनालयासाठी किंवा मुलींच्या स्वच्छतागृहासाठी. अनेक उर्दू शाळांत पटसंख्या घटते आहे, दुरुस्तीला पैसे नाहीत असं ऐकावं लागतं. तिथे वर्षाला वीस-पंचवीस हजार रुपये हातात येणं ही लहान गोष्ट नाही. मुलांना तर मीटर वाचता येतोच.

फक्त सुरुवात धरमपेठेतून करू नये. इथे प्रयोग होतात, पाहुण्यांना दाखवले जातात, इंग्रजी वर्तमानपत्रात बातमी येते, आणि आशीनगर, सतरंजीपुरा, नेहरूनगर पुढच्या टप्प्यात जातात. यावेळी पहिला टप्पा तिकडचा असू द्या. मी धरमपेठेत राहते, आम्ही दोन वर्षं थांबू शकतो.